तुमचा बुधवार कोणत्या रंगाचा आहे? सिनेस्थेशिया असणाऱ्यांसाठी, आणि नसणाऱ्यांसाठीही

रेघोटी (धागाकर्ती)

मला अक्षरं रंगीत आहेत. पान काळ्या शाईत छापलेलं असतं आणि मला ते काळंच दिसतं, डोळ्यांत काही बिघाड नाही. पण ‘क’ वाचला की तो गडद निळा आहे हे त्याच क्षणी ठाऊक असतं, त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. ‘म’ विटकरी, ‘स’ पांढुरका आणि जरा चकचकीत, ‘ळ’ जांभळा आणि ओलसर. वारही रंगीत आहेत. गंमत म्हणजे बुधवार पिवळा आहे आणि ‘ब’ मात्र तपकिरी, म्हणजे वाराने रंग पहिल्या अक्षराकडून घेतलेला नाही. शिवाय वर्ष माझ्याभोवती लांबट कड्यासारखं पसरलेलं असतं. जानेवारी डाव्या खांद्यापाशी, जून-जुलै समोर पण लांब, आणि डिसेंबर उजवीकडून वळून पाठीमागे जातो. कुणी “ऑक्टोबरमध्ये भेटू” म्हणालं की माझी नजर आपोआप उजवीकडे वळते.

याला सिनेस्थेशिया म्हणतात. एका संवेदनेला चालना मिळाली की तिच्यासोबत दुसरी, जिला बाहेरून काहीच चालना मिळालेली नाही, अशी संवेदना आपसूक जागी होते. अक्षर-रंग हा एक प्रकार झाला. आवाजाला रंग, शब्दाला चव, वेदनेला आकार, आकड्यांना स्वभाव, असे डझनावारी प्रकार नोंदले गेले आहेत. १८१२ मध्ये गेओर्ग झाक्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वतःचे रंगीत स्वर आणि रंगीत आकडे नोंदवले, ती याची सर्वांत जुनी वैद्यकीय नोंद मानतात. एके काळी हे फार दुर्मीळ समजलं जायचं, दोन हजारांत एखादा असेल असं. २००६ मध्ये जुलिया सिम्नर आणि सहकाऱ्यांनी “तुम्हाला आहे का?” अशी जाहिरात देण्याऐवजी सरसकट लोकांचीच चाचणी घेतली, तेव्हा प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं. स्त्रिया आणि पुरुष जवळपास सारखे. सर्वांत जास्त आढळला तो रंगीत वारांचा प्रकार.

शंभरातले चार म्हणजे थोडे नाहीत. तुमच्या ओळखीत नक्की कुणीतरी असणार, फक्त बोललेलं नसणार, कारण हे लहानपणापासून सोबत असतं आणि सगळ्यांचं असंच असतं असं वाटत राहतं. मला रस आहे तो माणसामाणसांतल्या फरकांत. तुमचं काय? रंग डोळ्यांसमोर दिसतो की मनात? जोडाक्षराचं काय होतं? आणि ज्यांना यातलं काहीच नाही त्यांना ‘मंगळवार’ म्हटल्यावर नेमकं काय जाणवतं? ते जाणून घ्यायची मला तितकीच उत्सुकता आहे.

अनुस्वार

रेघोटीताई, ‘क’ निळा कसा असेल? ‘क’ लाल आहे, भडक, कडा धारदार. निळा ‘त’. हे वाचताना मला खरंच अस्वस्थ झालं.

माझ्या धाकट्या भावालाही आहे. लहानपणी यावरून आमची खरीखुरी भांडणं व्हायची, कारण त्याचा ‘प’ हिरवा आणि माझा राखाडी. आईला वाटायचं आम्ही खेळ रचलाय. हे घराण्यांत चालत येतं असं फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. मात्र वारशाने येते ती प्रवृत्ती, रंगांची यादी येत नाही. आमचं घर त्याचा नमुना आहे.

जोडाक्षरांबद्दल: माझ्याकडे व्यंजनाचा रंग मुख्य आणि मात्रा त्यावर छटा चढवते. ‘की’ उजळ लाल, ‘कु’ काळपट लाल, ‘को’ जड आणि मातकट. ऱ्हस्व-दीर्घाने फरक पडत नाही, म्हणून शुद्धलेखनात मला रंगांचा काडीचा उपयोग झाला नाही. ‘क्ष’ला स्वतःचा वेगळा रंग आहे, चांदीसारखा. ‘ज्ञ’लाही. ‘प्र’ मात्र ‘प’चाच.

तळटीप

धागा मनापासून वाचतोय आणि शंका प्रामाणिक आहे, गैरसमज नसावा. ही स्मरणाची करामत नाही कशावरून? बालवर्गात रंगीत तक्ता असतो, त्यात ‘क’ निळ्यात छापलेला असतो, तो डोक्यात बसतो. पुढे आपण त्याला मोठं नाव देतो. आणि ‘गोड आवाज’, ‘बोचरी थंडी’, ‘भडक बोलणं’ हे तर आपण सगळेच म्हणतो. मग सगळ्यांनाच सिनेस्थेशिया आहे म्हणायचं का?

रेघोटी

तळटीप, शंका रास्त आहे. संशोधकांनाही बराच काळ हीच शंका होती.

आधी दुसरा मुद्दा. ‘गोड आवाज’ म्हणताना तुमच्या जिभेवर काही येत नाही. ज्यांना शब्दांची चव लागते त्यांच्या जिभेवर येतं, नको असलं तरी येतं, आणि त्या शब्दाला दर वेळी तेच येतं. उपमा आपण निवडतो, बदलतो, टाळतो. माझा ‘क’ मला टाळता येत नाही.

आता पुरावा. सगळ्यांत साधी कसोटी सातत्याची. सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने १९८७ पासून ही पद्धत रुळवली. माणसाला अक्षरांची, शब्दांची लांब यादी देऊन रंग विचारायचे आणि बऱ्याच काळाने, आधी न सांगता, पुन्हा विचारायचे. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात सिनेस्थेशिया असलेल्यांची उत्तरं वर्षभरानंतरही ९० टक्क्यांहून जास्त जुळली. इतरांना एका आठवड्यानंतरच विचारलं, शिवाय पुन्हा विचारणार हे आधी सांगितलं होतं, तरी त्यांची ४० टक्केही जुळली नाहीत. आता हेच संगणकावर होतं. लाखो छटांच्या पट्टीतून प्रत्येक अक्षराचा रंग तीनदा निवडायचा, आणि तीन निवडींमधलं अंतर मोजलं जातं. “निळा” एवढं म्हणून भागत नाही, कोणता निळा ते दाखवावं लागतं.

दुसरी कसोटी वेळेची. माझा ‘क’ हिरव्या शाईत छापून “शाईचा रंग झटकन सांग” म्हटलं तर मी अडखळते, निळ्या शाईत असेल तर अडखळत नाही. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापला की शाईचा रंग सांगताना कुणीही अडखळतो, हे १९३५ मध्ये स्ट्रूप यांनी दाखवलं. त्याच जातीचा हा परिणाम. सेकंदाच्या लहानशा भागाचा उशीर होतो, पण तो ठरवून करता येत नाही.

आणि तक्त्याबद्दल तुम्ही म्हणता त्यात खरंच तथ्य आहे! नेथन विथॉफ्ट आणि जोनाथन विनावर यांना २०१३ मध्ये असे ११ जण सापडले की ज्यांचे रंग लहानपणीच्या एका प्रसिद्ध चुंबकी अक्षरसंचाशी जुळत होते. पुढे २०१५ मध्ये ६,५८८ अमेरिकी अक्षर-रंगवाल्यांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे ६ टक्क्यांची अक्षरं त्या संचाच्या रंगांत होती. म्हणजे रंग बाहेरून येऊ शकतात. पण तो संच ज्या असंख्य घरांत होता, तिथली बाकीची मुलं तीच अक्षरं हाताळून मोठी झाली आणि त्यांची अक्षरं काळीच राहिली. शिवाय उरलेल्या ९४ टक्क्यांचे रंग त्या संचातून आलेले नाहीत.

अधोरेखित

+१. माझ्याकडे रंग नाहीत, पण समोरचा बोलला की त्याचे शब्द लिहिलेले दिसतात, खाली पट्टी सरकावी तसे. देवनागरीत. इंग्रजी बोलणाऱ्याचे रोमनमध्ये. गर्दीत चारजण एकदम बोलायला लागले की पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि डोकं भणभणतं. याला नाव आहे हे आजच कळलं.

दुपारचं ऊन

तुम्ही नसणाऱ्यांनाही लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. मी दुसऱ्या टोकाला आहे. मला मनात चित्रच दिसत नाही. ‘समुद्र आठवा’ म्हटलं तर समुद्राबद्दल सगळं आठवतं, खारा वारा, लाटांचा क्रम, कुणासोबत गेलो होतो ते, पण दिसत काहीच नाही. काळोखही नाही, काही म्हणता काही नाही. ‘मनःचक्षूंपुढे’ हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

‘मंगळवार’ म्हटल्यावर काय जाणवतं? सोमवारनंतरचा दिवस. एवढंच. रंग नाही, जागा नाही. आठवड्यात तो ‘कुठे’ आहे, हा प्रश्नच माझ्यासाठी तयार होत नाही. तुम्ही वर्षाकडे बघता हे वाचून मी थक्क झालो.

मज्जासेतू

दुपारचं ऊन, तुम्ही म्हणता त्याला अफँटेशिया म्हणतात. अॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये हे नाव दिलं. गॉल्टन यांनी १८८० मध्येच प्रश्नावली काढून लोकांच्या मनातल्या चित्रांचं वर्णन मागवलं होतं आणि काहींकडे चित्रच नाही हे त्यांना आढळलं होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की सिनेस्थेशिया आणि अफँटेशिया ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. मनात चित्र नाही, तरी ‘अ लाल आहे’ हे ज्ञान पक्कं, आपसूक आणि न बदलणारं, अशी माणसं अभ्यासांत सापडली आहेत.

यावरून अक्षर-रंगवाल्यांमधल्या मोठ्या फरकाकडे येतो. काहींना रंग बाहेर दिसतो, कागदावरच्या अक्षरावर पातळ थर असल्यासारखा किंवा डोळ्यांपुढच्या हवेत. यांना प्रोजेक्टर म्हणतात. काहींना तो आत जाणवतो, किंवा नुसता ठाऊक असतो. ते असोसिएटर. हे वर्गीकरण डिक्सन, स्मायलेक आणि मेरिकल यांनी २००४ मध्ये मांडलं. असोसिएटर संख्येने बरेच जास्त. रेघोटी, तुमचं वर्णन असोसिएटरचं आहे.

हे होतं कसं, यावर दोन प्रमुख मतं आहेत. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये म्हटलं की मेंदूत अक्षरांची ओळख करणारा भाग आणि रंगांवर काम करणारा भाग शेजारी-शेजारी आहेत. बालपणी त्यांच्यामधले जे धागे छाटले जायचे ते काहींत टिकून राहतात, आणि एक जागा पेटली की शेजारची पेटते. त्यांच्याकडे एक रंगांध माणूस होता. त्याच्या डोळ्यांना काही रंग वेगळे करता येत नव्हते, पण आकडे बघताना त्याला असे रंग जाणवत जे त्याने बाहेरच्या जगात कधीच पाहिले नव्हते. त्यांना तो ‘मंगळावरचे रंग’ म्हणायचा. डोळा अपुरा असला तरी मेंदूतली रंगांची यंत्रणा शाबूत असते, त्याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं मत ग्रॉसनबाखर आणि लव्हलेस यांचं, तेही २००१ चंच. वेगळे धागे वगैरे काही नाहीत, सगळ्यांच्या मेंदूत वरच्या टप्प्यांकडून आधीच्या टप्प्यांकडे परत येणारे संदेश असतात. एरवी ते दाबलेले असतात, यांच्यात मोकळे सुटतात. एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली द्रव्याने अनेकांना तात्पुरता असा अनुभव येतो ही गोष्ट या बाजूने जाते, कारण काही तासांत नवे धागे वाढत नाहीत. निकाल लागलेला नाही. मेंदूच्या चित्रणांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, अशी परखड समीक्षा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मला ती पटते. ‘मेंदूत दिसलं’ एवढ्यावर भाळू नये. वागणुकीतला पुरावा जास्त भक्कम आहे.

चौकट

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे. गणित करताना ती अचानक म्हणाली, “आई, तीन आणि पाच मिळून आठ कसे? पिवळा आणि हिरवा मिळून तपकिरी होत नाही.” आणि सात तिला आवडत नाही कारण तो “सगळ्यांना हसतो”. चार “भित्रा पण चांगला मुलगा” आहे. वर्गात हे बोलल्यावर मुलं हसली, आणि तेव्हापासून ती गप्प असते. हे सिनेस्थेशिया असेल का? मी काय करू? वेळ जाईल तसं जाईल का हे?

खडू-फळा

चौकटताई, आधी एक करा, आजच. तिला सांगा की आकड्यांना रंग असणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसत, ‘जे’ फिकट बदामी, ‘एन’ निळसर जांभळा, ‘एक्स’ गडद तपकिरी. त्यांना नोबेल मिळालं हे सांगायला हरकत नाही. आपण एकटे नाही हे मुलाला कळणं फार मोठी गोष्ट असते.

मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. आकड्यांना स्वभाव असणं हा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो रंगांबरोबर बरेचदा येतो. तिच्या बाबतीत आत्ताच शिक्का मारू नका, कारण या वयात रंग पक्के झालेले नसतात. सिम्नर यांच्या गटाने अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा-सात वर्षांच्या वयात सुमारे एक तृतीयांश अक्षरांचे आणि आकड्यांचेच रंग स्थिर होते, वर्षभराने निम्म्याच्या जवळ, आणि दहा-अकराव्या वर्षी सुमारे ७० टक्के. म्हणजे आज तिने आठ तपकिरी म्हटलं आणि पुढच्या महिन्यात करडा म्हटलं, तर ती खोटं बोलत नाहीये. “पण तू तर तेव्हा...” असं पकडू नका.

विचारताना “आठ कोणत्या रंगाचा?” असं विचारू नका, तसं विचारलं की कुठलंही मूल काहीतरी रंग सांगतं. “आठबद्दल सांग बरं” म्हणा आणि थांबा.

बेरजेसाठी: मण्यांनी, काड्यांनी करू द्या. संख्या म्हणजे किती वस्तू, हे हाताला कळलं की चिन्हाच्या रंगाचा अडथळा कमी होतो. वर्गातले रंगीत अंकतक्ते मात्र तिला खरोखर त्रास देऊ शकतात. तिचा पाच हिरवा असेल आणि तक्त्यात लाल असेल, तर ती दर वेळी दोन रंगांशी झगडते. शिक्षकांना विनंती करा की तिला काळ्या-पांढऱ्यातला तक्ता मिळावा. माझ्या वर्गात एका मुलासाठी मी हेच केलं आणि त्याच्या वाचनाचा वेग बघता बघता सुधारला. तो मुलगा ‘श’पाशी दर वेळी थांबायचा, बोट ठेवून बसायचा. मला वाटायचं त्याला उच्चार येत नाही. त्याला उच्चार येत होता, तक्त्यातला ‘श’ त्याच्या ‘श’च्या रंगाचा नव्हता.

चौकट

खूप खूप आभार. तिला फाइनमन यांच्याबद्दल सांगितलं. तिने लगेच विचारलं, “त्यांचा सात कसा होता?” मघापासून वहीत सगळ्या आकड्यांची चित्रं काढत बसली आहे.

मुकी घंटा

माझं उलट आहे. मला दिसलेलं ऐकू येतं. दिवा लुकलुकला की हलकी ‘टक टक’, पडद्यावर ठिपके सरकले की ‘सूंऽऽ’. आवाज बाहेरून येत नाही हे मला कळतं, पण तो असतो, आणि शांत खोलीत जास्त असतो. आवाज बंद ठेवून चलच्चित्र बघणं माझ्यासाठी शांत कधीच नसतं.

२००८ मध्ये मेलिसा सेन्झ आणि क्रिस्टोफ कॉख यांनी हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. सुरुवात अशी झाली की प्रयोगशाळा बघायला आलेल्यांपैकी एक विद्यार्थी पडद्यावरच्या हलत्या ठिपक्यांकडे बघून म्हणाला, “हा आवाज आणखी कुणाला येतोय का?” पडदा पूर्ण मूक होता. मग त्यांनी छान चाचणी केली. प्रकाशाच्या उघडझापीचे दोन ताल दाखवायचे, सारखे की वेगळे ते विचारायचं. कानांनी ऐकलेला ताल आपण सहज ओळखतो, डोळ्यांनी पाहिलेला ओळखणं बहुतेकांना जड जातं. ज्यांना ‘ऐकू’ येत होतं त्यांना तो सहज जमला.

पुढे २०१८ मध्ये फॅसनिज आणि फ्रीमन यांनी चार हजारांहून जास्त लोकांना मूक चलच्चित्रं दाखवली तर जवळपास पाचातल्या एकाला काही ना काही जाणवलं. विजेच्या तीन मनोऱ्यांचं ते प्रसिद्ध हलतं चित्र आठवतंय का, दोघे दोरी फिरवतात आणि मधला उडी मारतो? तो जमिनीवर आदळला की कितीतरी जणांना धप्प ऐकू येतं. या धाग्यावर ‘मला काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा शांत खोलीत ते बघावं.

दुपारचं ऊन

बघितलं. धप्प येतं! मनात चित्र नाही पण मूक चित्राचा आवाज येतो. हे कसं काय?

मज्जासेतू

दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत म्हणून. तुमचं उदाहरण इथे राहू द्या, मोलाचं आहे.

आलापी

गाणाऱ्यांपैकी आहे. मला सुराला रंग नाही, पोताला आहे. खर्जातला षड्ज गडद आणि रुंद, तार सप्तकातला तोच षड्ज उजळ आणि बारीक. एकच सूर बासरीवर धुकट पांढरा, सारंगीवर तांबूस. आणि सूर किंचित उतरला की रंग मळतो. तो मळ मला उतरलेपण कानाला कळण्याआधी कळतो, निदान मला तसं वाटतं.

संगीतकारांची नावं घेताना जपून घ्यावीत असं माझं मत. ऑलिव्हिए मेसियां यांनी आपल्या स्वरसंघातांचे रंग आयुष्यभर तपशिलात लिहिले, तिथे शंकेला जागा कमी. रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांच्या बाबतीत मात्र अभ्यासकांना शंका आहे. त्यांनी दिव्यांच्या वाद्यासाठी रंगांची योजना केली, पण त्यांचे रंग स्वरचक्रावर इंद्रधनुष्याच्या क्रमाने इतके शिस्तीत बसतात की ती विचारपूर्वक रचना वाटते. खऱ्या सिनेस्थेशियात अशी शिस्त नसते, रेघोटी आणि अनुस्वार यांच्या याद्या बघा. दुसरे रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्याशी त्यांचं रंगांवरून जमत नसे. पाश्चात्त्य संगीतातला सी मेजर हा स्वरसमूह एकाला लाल, दुसऱ्याला पांढरा. डी मेजर पिवळा, एवढ्यावर दोघांचं एकमत.

जिव्हाळी

शब्दांना चव असलेली मी. सगळ्या शब्दांना नाही, पण बऱ्याच. लोक म्हणतात मजा असेल. मजा नसते. माझ्या एका सहकाऱ्याच्या नावाला गंजक्या लोखंडाची चव आहे, आणि माणूस अतिशय चांगला आहे. त्याला हाक मारण्याआधी मी पाण्याचा घोट घेते. बैठकीत एक कडू शब्द वारंवार आला की जेवणावरची वासना जाते. वाचताना त्रास कमी होतो, ऐकताना जास्त.

चव बहुधा शब्दाच्या आवाजात असते, त्याच्या अर्थामध्ये कमी. एकाच ध्वनीच्या शब्दांची चव एका कुळातली असते. २००६ मध्ये सिम्नर आणि जेमी वॉर्ड यांनी केलेला प्रयोग मला फार जवळचा वाटतो. त्यांनी आमच्यासारख्यांना अशा वस्तूंची चित्रं दाखवली ज्यांची नावं पटकन आठवत नाहीत. नाव ओठांवर येऊन अडलेलं, आणि चव मात्र जिभेवर आलेली! माझं हे रोजचं आहे. शब्द सापडायच्या आधी त्याची चव येते, आणि ती चव धरून मी शब्दापर्यंत पोहोचते.

काठावरची

मला दुसऱ्याला झालेला स्पर्श होतो. समोरच्याच्या उजव्या गालावर कुणी हात ठेवला तर माझ्या डाव्या गालावर, आरशात असावं तसा. काही जणांना ज्या बाजूला त्याच बाजूला होतो म्हणे. याला मिरर-टच म्हणतात. मायकेल बॅनिसी आणि वॉर्ड यांच्या गटाच्या पाहणीनुसार सुमारे दीड टक्का लोकांना आहे.

“किती संवेदनशील आहेस!” असं लोक म्हणतात तेव्हा मला वाटतं की ते समजून घेत नाहीयेत. हा मनाचा मोठेपणा नाही. मला आवडत नसलेल्या माणसाला सुई टोचलेली पाहिली तरी टोचते. इस्पितळात नातलगाजवळ बसायचं तर मी नजर पायांच्या बोटांवर ठेवायला शिकले आहे, ज्यांना कुणी हात लावत नाही. असं आणखी कुणाला असेल तर उपाय लिहा. माझा एक उपाय: आपल्याच हाताने आपला दुसरा हात घट्ट धरायचा. खरा स्पर्श उसन्या स्पर्शावर मात करतो.

तळटीप

एवढं सगळं वाचल्यावर माझा प्रश्न बदललाय. ज्यांना सिनेस्थेशिया नाही, त्यांच्याही संवेदना वेगवेगळ्या कप्प्यांत नसतातच. एक गोलसर आकार आणि एक टोकदार आकार दाखवून ‘बूबा’ कोणता, ‘किकी’ कोणता विचारलं तर बहुतेक माणसं गोल तो बूबा म्हणतात. व्होल्फगांग कोहलर यांनी १९२९ मध्ये अशाच शब्दजोडीने सुरुवात केली होती. २०२२ मध्ये २५ भाषांच्या ९१७ लोकांवर हे पाहिलं गेलं, सुमारे ७२ टक्के वेळा उत्तर हेच. १९७६ चा मॅकगर्क परिणामही तसाच. कानावर ‘बा’ आणि डोळ्यांपुढे ‘गा’ म्हणणारे ओठ, तर ऐकू येतो ‘डा’. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. आणि २००१ मध्ये वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचा वास लाल वाइनच्या शब्दांत वर्णन केला.

मग रेषा कुठे ओढायची? माझ्या मते या दोन गोष्टी एकच नव्हेत. बूबा-किकीत आपण सगळे साधारण एका बाजूला झुकतो. रेघोटी आणि अनुस्वार यांच्या ‘क’मध्ये झुकाव सामाईक नाही, पण प्रत्येकीचा पक्का आहे. तरी सिनेस्थेशियातही काही सामाईक धागे सापडतात. इंग्रजी अक्षरांत ‘ए’ लाल म्हणणारे अपेक्षेहून पुष्कळ जास्त. मराठी अक्षरांत तसं काही आहे का, हे या धाग्यावरच बघता येईल.

अनुस्वार

उत्तम कल्पना. जपानी लोकांत एक सुंदर गोष्ट दिसली आहे. त्यांच्या दोन अक्षरमाला दिसायला वेगळ्या, पण उच्चार तेच, आणि असानो आणि योकोसावा यांच्या २०११ च्या अभ्यासात एकाच उच्चाराच्या दोन्ही अक्षरांना एकच रंग होता. म्हणजे तिथे आकाराहून उच्चार वरचढ ठरला. माझ्याकडे ‘ख’ आणि ‘क’ एका कुळातले आहेत, दोन्ही लाल, पण दिसायला सारखे ‘घ’ आणि ‘ध’ अजिबात जुळत नाहीत. म्हणजे माझाही कल उच्चाराकडे दिसतो.

रेघोटी

माझे ‘घ’ आणि ‘ध’ दोन्ही शेवाळी! ‘भ’ आणि ‘म’ही एकमेकांजवळ, तांबूस आणि विटकरी. म्हणजे मी आकाराकडे. हे मला आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मज्जासेतू

एक गोष्ट सांगून ठेवतो, धागा बरेच जण वाचतायत. जन्मापासून किंवा लहानपणापासून असलेला सिनेस्थेशिया हा आजार नाही, त्याला औषध नाही आणि बहुतेकांना ते नकोही असतं. पण मोठेपणी एकाएकी रंग, चमका, आवाज सुरू झाले, डोक्याला मार लागल्यानंतर, दृष्टी कमी होत असताना, सोबत डोकेदुखी किंवा शुद्ध हरपणं असेल, तर या धाग्यावर न लिहिता आधी डॉक्टरांना दाखवा. अर्धशिशी, आकडी, डोळ्यांचे विकार यांतही असं होतं. आणि शिकून हे येतं का, असं काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून: २०१४ मध्ये प्रौढांना नऊ आठवडे रोज सराव देऊन अक्षरांना रंग जोडता आले, काहींना ते खरोखर जाणवूही लागले. सराव थांबल्यावर साधारण तीन महिन्यांत ते अनुभव बहुतेक विरून गेले होते.

रेघोटी

तळटीप यांची सूचना मनावर घेऊया. ज्यांची अक्षरं रंगीत आहेत त्यांनी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत यादी करा. रंगाचं नुसतं नाव नको. संगणकावरच्या रंगपट्टीतून नेमकी छटा निवडा आणि तिचे आकडे लिहा. अक्षरं क्रमाने घेऊ नका, चिठ्ठ्या करून उचला, नाहीतर आधीच्या अक्षराचा रंग पुढच्याला चिकटतो. यादी इथे टाकू नका, कारण दुसऱ्याची वाचली की आपली डळमळते. मला निरोपाने पाठवा आणि स्वतःची प्रत ठेवू नका. काही महिन्यांनी मी न कळवता पुन्हा मागेन. ज्यांना रंग नाहीत त्यांनीही मनाला येतील ते रंग लिहून पाठवा, तुमच्या याद्यांशिवाय तुलनाच होणार नाही. दुपारचं ऊन, तुम्ही तर नक्की.

दुपारचं ऊन

पाठवतो. सगळे अंदाजाने लिहिणार आहे, चालेल ना?

रेघोटी

अंदाजच हवेत.

अनुस्वार

पाठवली. ‘ङ’ आणि ‘ञ’ कोरे ठेवलेत. बराच वेळ बघत बसले, पण त्यांना रंगच नाही.

रेघोटी

मिळाली. कोरे तसेच राहू द्या, जबरदस्तीने भरू नका. पुढच्या खेपेलाही तेच दोन कोरे येतात का ते बघायचंय.